पाय आधी पोचला

मामू, सगळ्यात आधी गावात काय बोललं जातंय ते तुम्हाला सांगते, कारण ते ऐकून तुम्हीच सगळ्यात मोठ्यानं हसला असता. गाव म्हणतंय, दवाखान्यात पाय तोडला म्हणून दस्तगीरमामू गेले. नाहीतर चांगले चालतेबोलते होते. जळल्या जागेला लोखंड लागलं, जागा खवळली आणि माणूस हातचा गेला. पारावर हेच, पिठाच्या गिरणीत हेच. तिसऱ्या दिवशी तुमच्या जियारतीला जमलेल्या बायकासुद्धा, मी दवाखान्यातली नर्स आहे हे पुरतं ठाऊक असताना, ताटात भात वाढता वाढता हेच बोलत होत्या. मी ते गप ऐकून घेतलं असं तुम्हाला वाटत असेल, तर एवढ्या वर्षांत तुम्ही मला ओळखलंच नाही.

माझं रडून झालंय. आता भांडायचं आहे, आणि आपलं भांडण अर्धंच राहिलंय. म्हणून हे लिहायला बसले.

रक्ताचे तुम्ही माझे कुणीच नव्हता. आमचं घर बुद्धविहाराजवळ, तुमचं मशिदीमागच्या गल्लीत. पण माझे बाबा तुमच्या गुऱ्हाळावर चुलवाण सांभाळायचे. बाबा खाली चिपाडं सारून जाळ करणार आणि तुम्ही वर काहिलीवर उभे. तुम्ही गुळव्या होता; रस कधी गूळ झाला ते ठरवणारा माणूस. 'जाळ काढ' असं तुम्ही म्हणालात की बाबा जाळ काढायचे, त्यात विचारणं नव्हतं. आईनं तुम्हाला भाऊ मानलं आणि तुम्ही माझे मामू झालात. माकणीच्या धरणाचं पाणी आल्यापासून आपल्या शिवारात ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, पण तुमच्या हाताची ढेप बाजारात वेगळी ओळखू यायची, असं बाबा शेवटपर्यंत सांगायचे. त्यात थोडी त्यांची स्वतःची फुशारकीही असायची, कारण जाळ त्यांचा होता.

तुमचा डाग माझ्या जन्माआधीचा. काहिल उतरवताना एका गड्याचा पाय घसरला, आधण हिंदकळलं आणि तुमच्या उजव्या नडगीवर आलं. गुळाचं आधण पाण्यासारखं ओघळून जात नाही, कातड्याला चिकटून बसतं. बाबांनी तुम्हाला उचलून पाण्याच्या हौदात बसवलं. हाजरामामी तेव्हा नवी नवरी होती. तिनं तुम्हाला कित्येक महिने खाटेवरून उतरू दिलं नाही. जखम भरली, पण गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत तुकतुकीत, बिनकेसांचा, ताणून बसवल्यासारखा पट्टा राहिला. त्या कातड्यानं घोटा ओढून धरला होता. तुम्हाला नीट उकिडवं बसता यायचं नाही. नमाजात बसताना उजवं पाऊल उभं ठेवतात, तुम्ही ते बाजूला काढून ठेवायचात. आम्ही पोरं विचारायचो, मामू, पाय असा का? तुम्ही म्हणायचात, "ह्यो गुळाचा पाय हाय. रात्री झाकून ठिवावा लागतोय, न्हायतर मुंग्या वडून नेतेत." मी लई दिवस ते खरं मानत होते. तुमच्या खाटेखाली मुंग्या शोधलेल्या आहेत मी.

आता ऐका. नर्स झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दवाखान्यात पेशंट आला की आम्ही विचारतो, आधी काय आजार झालाय? लोक ताप सांगतात, शुगर सांगतात, कुणी तर लहानपणीचा गोवरही सांगतो. डाग कुणी सांगत नाही. पोटावर जुन्या टाक्यांची हातभर रेघ असते आणि तिच्यातून आतडं बाहेर यायला बघत असतं, तरी बाई पोट दुखायचं कारण शिळी भाकरी सांगते. काखेत भाजलेली एक बाई आमच्याकडं आली होती. तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, वेणी दुसऱ्यानं घालायची. ती आली होती सर्दीसाठी! हाताचं विचारलं तर म्हणाली, "ते तर कवाच बरं झालंय." डाग म्हणजे लोकांना उरकलेलं काम वाटतं. तुम्हालाही तसंच वाटत होतं. फरक एवढाच, की तुमच्याजवळ त्याला कारण होतं, आणि ते कारण इतकं फक्कड होतं की मला त्यावर चटकन उत्तर सुचलं नाही.

मागच्या हंगामातली गोष्ट. मी उमरग्याच्या दवाखान्यातून सुट्टीला आले होते, आईनं काकवी आणायला गुऱ्हाळावर धाडलं. रस उकळत होता, वरची मळी काढणं चालू होतं, आणि त्या गोड वाफेत मला अत्तराचा वास आला. गुलाबाचा. तुम्ही अत्तर लावायचात जुम्म्याला, नाहीतर ईदला. तो मंगळवार होता.

"मामू, आज दुसरा निकाह हाय का काय?"

"व्हय की. पोरगी तेवढी बघलालोय."

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझं लक्ष माश्यांकडं गेलं. गुऱ्हाळावर माश्या असायच्याच. शेजारी वाफ्यात ताजा गूळ निवत पडला होता, आणि तो सोडून त्या तुमच्या घोट्याभोवती फिरत होत्या. मी खाली बसले आणि लुंगीचा काठ उचलला. तुम्ही पाय मागं घेतलात, पण तोवर चिंधी माझ्या हातात आली होती. अत्तरात भिजवलेली.

डागाच्या मधोमध जखम होती. कडा फुलकोबीसारख्या वर आलेल्या, आणि भोवतीनं काळं कडं. ते कडं कशाचं हे मला विचारावं लागलं नाही. बिब्बा आपल्याकडं कशाला घालत नाहीत? काटा मोडला, टाच उलली, कुरूप झालं की बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की चटका द्यायचा.

"कवापास्नं हाय हे?"

"दर हिवाळ्यात उलतंय. बिब्बा घातला की बसतंय."

"आन यंदा?"

"यंदा जरा बसंना गेलंय."

मी तिथंच बोलायला सुरुवात केली. भाजल्याची जुनी जागा फुटली आणि भरेना तर तिच्यात वाईट रोग होऊ शकतो, तुकडा काढून तपासायला हवा, बिब्बा आधी बंद करा. सगळे गडी हातातलं काम सोडून ऐकत होते. तुमचा लेक युसूफही झारा धरून उभा होता. तुम्ही मला पुरतं बोलू दिलंत, मग छपराच्या मेढीवर तळहात मारलात.

"शिला, मेढ पुरताना तिचं बूड का जाळतेत, सांग बरं."

"वाळवी लागू ने म्हणून."

"मंग? जळल्या लाकडाला कीड लागत न्हाय. ह्यो पाय तर म्या लगीन झालं तवाच जाळून ठिवलोय."

गडी खो खो हसले. युसूफ सगळ्यांत जास्त. मेढीचं खरंच आहे. माझ्या बाबांनी आमच्या गोठ्याच्या मेढी चुलवाणात भाजूनच पुरलेल्या. अजून उभ्या आहेत.

उत्तर मला सुचलं ते परतताना यष्टीत. मी युसूफला फोन लावला आणि म्हटलं, मामूंच्या कानाला धर. बसमधली सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं मी ओरडले, "मामू, मेढ मेलेली असती! तुमचा पाय जिता हाय! रोग जित्यालाच लागतो!"

पलीकडं काहिलीचा रटरट आवाज येत होता. मग तुम्ही म्हणालात, "एवढं सांगाया फोन केलीस व्हय?" आणि फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर गेले तर दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही बसलेले, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. पुन्हा तेच अत्तर. "तुजं म्हणणं रात्रभर दातात अडकल्यालं," म्हणालात, "काढून टाक." तो दिवस मला तुमच्या सगळ्या दिवसांत आवडतो. हट्टी माणसं मी लई पाहिली. हट्ट सोडून जीपनं एवढ्या लांब येणारा माणूस मी तुमच्यासारखा दुसरा पाहिला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते पुन्हा सांगायचं आहे, कारण गाव ते भलतंच सांगतं. सोलापूरला नेलं, तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आलं होतं, तेही तुम्ही लपवलं होतंत. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. तुमच्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, भाजलेली कातडी ताणते, फुटते, भरते, परत फुटते. वर्षानुवर्षं हे चालतं. मग एखाद्या वेळी ती भरायचं सोडून वाढायलाच लागते. रोग हाडापर्यंत गेलाय. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, आणि जांघेतल्या गाठीही." तुम्ही नीट ऐकलंत, त्यांना दुवा दिलीत आणि गावी निघून आलात.

त्या पंधरवड्यात आपण जेवढं भांडलो तेवढं आयुष्यात भांडलो नसू. तुम्ही अंगणात खाटेवर, मी उंबऱ्यावर. मी म्हणायचे, दिवस चाललेत. तुम्ही म्हणायचात, बघू. मी म्हणायचे, काय बघू? तुम्ही विषय उसाच्या तोडीवर न्यायचात. एकदा तर मी चिडून म्हणाले, मग बसा अत्तर लावत! युसूफ मधे पडला, आपा, अब्बाला असं बोलू नको. तेव्हा तुम्ही त्याला हातानं थांबवलंत आणि खरं काय ते बोललात.

"अल्लानं दोन पाय दिऊन धाडलं. म्या एक घिऊन माघारी कसा जाऊ? आन तोडल्याला पाय कुठं जातोय, हे कुणीच सांगना गेलंय."

खरंच, ते कुणीच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात कापलेलं काय होतं हे मला ठाऊक होतं. रोजचं आहे ते. पण तुम्हाला मरायची भीती नव्हती, पाय गेल्यावर चालायचं कसं याची काळजी नव्हती. तुमचा पाय कचऱ्यात जाईल ही गोष्ट तुम्हाला गिळवत नव्हती, आणि एवढी साधी गोष्ट ओठावर आणायला तुम्हाला पंधरवडा लागला. मी म्हटलं, "मामू, पाय गावी आणू. कब्रस्तानात पुरू."

"आणू देतेत?"

"न देऊन सांगतेत कुणाला?"

तुम्ही हसलात. मग सगळं ठरवूनच टाकलंत, गुळाच्या वाफ्याची जागा ठरवावी तसं. मौलानांना विचारलं. ते म्हणाले, अवयवाला नमाज नसते. पाक कपड्यात गुंडाळा आणि अदबीनं मातीआड करा. जागा तुम्ही सांगितलीत. हाजरामामीच्या कबरीच्या उगवतीला, पायथ्याच्या बाजूला. "म्हंजे म्या आलो की जिथल्या तिथं बसंल. हुडकाया नको." तुमच्या एवढ्या तयारीपुढं डॉक्टरीणबाईंचीही ना उरली नाही. त्यांनी परवानगीचं सगळं स्वतः बघितलं.

युसूफ तुमच्याजवळ वॉर्डात थांबला. पाय मी आणला. जीपच्या मागच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर पांढऱ्या कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवलेला तुमचा पाय. ड्रायव्हरला काही सांगितलं नव्हतं. हायवेला जळकोटजवळ त्यानं चहाला गाडी थांबवली, मी काही उतरेना. त्यानं डोकावून विचारलं, "बाई, डब्यात काय हाय एवढं?"

मी म्हणाले, "मामू हायेत. थोडे."

त्यानं चहा तसाच टाकला. तिथून गावापर्यंत त्यानं गाडी अंड्यांची पाटी न्यावी तशी चालवली, एक खड्डा लागू दिला नाही. कब्रस्तानाच्या दारात मी डबा तुमच्या भाऊबंदांच्या हातात दिला. बायका आत जात नाहीत, म्हणून भिंतीजवळच्या लिंबाखाली उभी राहिले आणि तिथून बघितलं. मला हसू येत होतं. माणसाच्या जिवंतपणी त्याची माती बघितलेली मी एकटीच असेन.

तुम्ही परत आलात ते दोन कुबड्यांवर, आणि आल्या आल्या दारातच जाहीर केलंत, "यष्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेत न्हवं? म्या पाय टाकलोय. आता हाजराशेजारी कुणी बसंल का बगतोच." गावानं तेव्हा त्या बोलण्यावर हसून पोट धरलं होतं. आज तेच गाव म्हणतंय पाय तोडायलाच नको होता.

नाही, मामू. तोडला म्हणून तुम्ही पुढचा सगळा उन्हाळा पाहिलात. रमजान पाहिलात, खुर्चीवर बसून नमाज पढलात आणि म्हणालात, बरं झालं, आता पाऊल मुडपायची कटकट गेली. नातीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलात, ती पुढं आणि तुम्ही कुबड्यांवर मागं. हे दिवस त्या तोडलेल्या पायानं दिले. आणि जे दिवस गेले ते त्या आधीच्या सालांनी नेले, जेव्हा जागा फुटत होती, तुम्ही बिब्बा घालत होता, आणि अवधाण लुंगीत लपवत होता. मला तुमचा राग येतो. तुम्ही गेलात म्हणूनही कमी होत नाही, तो तसाच आहे. एक साल आधी मला लुंगी वर करू दिली असती तर आज हे सगळं मी तुमच्या तोंडावर बोलले असते.

पण त्या दिवसांत तुम्ही जे केलंत त्याला तोड नाही. गुऱ्हाळाच्या छपराखाली खाट टाकून बसायचात आणि येईल त्या गड्याला म्हणायचात, "दाव." गुऱ्हाळावर भाजलेलं नाही असा कोण असतो? कुणाचा हात, कुणाची मांडी. नडगी तर जवळपास सगळ्यांची. तुम्ही लुंगी सारून आपला खुंट दाखवायचात आणि मग त्याची जागा बोटानं दाबून बघायचात, कुठं उललंय, कुठं खपली आहे. "बिब्बा घातलास तर कुबडी डोक्यात घालीन," अशी धमकी. एकाला तर तुम्ही माझ्याकडं उमरग्याला पिटाळलंत. त्याचा नुसता नायट्याचा चट्टा निघाला. ते ऐकून तुम्ही एवढे हिरमुसले, जणू काही तुमचा बैल शर्यतीत मागं पडला. मी म्हटलं, मामू, काही निघालं नाही हे चांगलंच की. तुम्ही म्हणालात, "व्हय, चांगलंच. पर म्या वळखलं आसतं तर मजा आली आसती."

फक्त एका माणसाला तुम्ही कधी 'दाव' म्हणाला नाहीत.

पावसाळ्यात गाठी परत आल्या. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं नाही, त्या माझ्याशी बाहेर बोलल्या. मी आत आले तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत आणि विचारलंत, "यष्टी किती वाजता हाय?" मी सांगितलं. तुम्हाला जे विचारायचं होतं ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. आपण दोघं एवढे बडबडे, पण त्या एका बाबतीत एकमेकांना सांभाळत बसलो. ते बरोबर केलं का चूक, मला अजून कळत नाही.

त्यानंतर एके दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज खोल गेला होता. म्हणालात, "युसूफच्या डाव्या हाताला, कोपराखाली. तू बघ."

मी म्हटलं, "तुमी बापासारखं बाप. सगळ्या गावाला दाव म्हणता, तेला म्हणाया काय झालं?"

"बापलेक गुळाचं बोलतेत शिला, रसाचं बोलतेत. अंगाचं न्हाय बोलत. त्यो माज्यासमोर बाही खाली वडतोय, म्या दुसरीकडं बघतोय." मग माझा हात धरलात. "मला वचन बिचन नको. तू तापट हाईस, तेवढं बास हाय."

तुमच्या तोंडून ही माझी सर्वांत मोठी तारीफ होती, आणि मी ती त्या वेळी नुसती मान हलवून घेतली. आणखी एक सांगायचं राहिलं ते आत्ता सांगते. दहावीनंतर बाबा मला गुऱ्हाळावर कामाला घेणार होते, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "आपल्या दोघांनी धूर खाल्ला, तिसऱ्याला कशाला?" बाबांनी ते मला मरायच्या थोडंच आधी सांगितलं. माझ्या अंगावरचा हा पांढरा कोट तुमच्या त्या एका वाक्यामुळं आहे, मामू. शुक्रिया. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही थट्टेवारी नेलं असतं, म्हणून म्हटलं नाही. आता नेता येणार नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी ड्यूटीवर होते. पोचले तेव्हा जनाजा निघत होता. पुन्हा त्याच लिंबाखाली उभी राहिले. आत कबर खोदणाऱ्यांत घोळ चालू झाला, पाय नेमका कुठं पुरलाय ते कुणालाच आठवेना. कुदळ लागायला नको होती. तेव्हा मी भिंतीवरून ओरडले, "मामीच्या उगवतीला! पायथ्याशी! अजून हातभर खाली सरका!" सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. आणि सरकले. तुम्हाला ठेवलं तेव्हा पाय जिथं असायला हवा तिथंच होता, तुम्ही सांगितला होता तसा.

आता जियारतीचं. बायकांचं ते बोलणं ऐकून मी ताटावरून उठले आणि सरळ बाहेर पुरुषांत गेले. युसूफ सगळ्यांना पाणी देत होता. एवढ्या उकाड्यात लांब बाह्या. तांब्या वाकवला तशी बाही थोडी सरकली आणि मला काळं कडं दिसलं. बिब्बा. एवढं सगळं होऊनही बिब्बा!

"युसूफ, हात दाव."

"आपा, आज न्हाय."

"आजच."

त्यानं तांब्या खाली ठेवला. "अब्बाला नेलीस न्हवं सोलापूरला? काय झालं? पाय गेला आन माणूसबी गेला. मला हात बी घालवायचा न्हाय आन जीव बी."

गावाचंच बोलणं होतं, पण युसूफच्या तोंडून आल्यावर मला लागलं. मी म्हणाले, "तुजा बाप पाय तोडल्यानं गेला न्हाय. त्यो अत्तर लावत बसला, त्यानं गेला. म्या त्याच्या तोंडावर बोलले हुते, तुज्याबी तोंडावर बोलते." आणि न जेवता निघून आले. आईनं मला फाडून खाल्लं. मातीच्या घरात असं बोलतात का म्हणून. आईचं बरोबर आहे. पण तुम्ही मला तापट म्हणूनच नेमलं होतंत, गोड बोलण्यासाठी नाही. गोड बोलायला सगळं गाव आहे.

मी ठरवलं होतं, उद्या परत जायचं, परवा परत जायचं. गुऱ्हाळाच्या छपराखाली तुमच्या खाटेवर बसायचं आणि तो हात दाखवेपर्यंत काहिलीखाली जाळ घालू द्यायचा नाही. हंगाम तोंडावर आलाय, त्याला किती दिवस परवडणार? जेवणाचा डबासुद्धा बांधून ठेवला होता.

पण मला जावं लागलं नाही. आज सकाळी मी ड्रेसिंगच्या खोलीतून बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर युसूफ बसलेला. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. क्षणभर मला तुम्हीच दिसलात. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "रातभर अब्बाची खाट बघत बसलो हुतो."

मी शेजारी बसले. त्यानं बाही काही वर केली नाही. खालच्या रस्त्यावरून ट्रक जात होते ते बघत राहिला. मग विचारलं, आणि मामू, तुमचाच प्रश्न विचारला, अगदी तुमच्या आवाजात.

"आपा, कापावा लागला तर हात कुठं पुरायचा? अब्बाच्या बाजूला जागा हाय का?"

मी म्हणाले, "न्हाय."

तो चमकला.

"तिथं तुज्या बापानं सवतापुरता रुमाल टाकलाय. तुज्यासाठी टाकला न्हाय. तुजी जागा धरून ठिवायला म्हणून त्यो गेला न्हाय तिथं. बाही वर कर."

युसूफ हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. मोठा माणूस, उमरग्याच्या भर रस्त्यासमोर, हमसून हमसून. मीही रडले, खोटं कशाला सांगू. मग त्यानं डोळे पुसले ते उजव्या हातानं, आणि डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. बटण मी सोडलं.

जागा उललेली आहे. बोटाच्या पेराएवढी, कडा अजून सपाट, काखेत गाठ लागत नाही. बिब्ब्यानं भाजलंय त्याखाली काय आहे ते डोळ्यानं कळत नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर यायचं आहे. नुसतं भाजलेलं निघालं तर मी तुमच्यासारखी हिरमुसणार नाही, पेढे वाटीन. दुसरं काही निघालं तरी ते लहान आहे, आणि या खेपेला आम्ही वेळेवर आहोत. हात राहील. हातासाठी मी भांडेन, तुमच्याशी भांडले त्याच्या दुप्पट.

आणि गुऱ्हाळ पेटलं की पहिल्या काहिलीला मी सुट्टी काढून येणार आहे. तुमची खाट तिथंच टाकायला सांगितली आहे युसूफला. खाटेवर मी बसणार आणि येईल त्याला म्हणणार, दाव. कुणी मेढीचं सांगितलं तर यंदा उत्तर तोंडात तयार आहे, यष्टीत बसेपर्यंत थांबायचं कारण नाही.

बाकी तुम्ही निवांत असा, मामू. मामी शेजारी आहे, पाय पायथ्याशी आहे. तेवढ्यावर भागवा. युसूफची वाट बघू नका. त्याला यायला लई उशीर आहे.